कुणी बसवलं?

गाडी बाहेरून जवळजवळ धडधाकट होती. टायर चांगले, दारं चांगली, मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव जसंच्या तसं. आत मात्र डॅशबोर्ड वितळून खाली ओघळला होता आणि स्टिअरिंगचा नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. जळक्या प्लास्टिकचा वास कपड्यांतून दोन-दोन धुण्यांनी जात नाही, म्हणून अशा सर्व्हेला मी ठेवणीतला जुना शर्ट घालून जायचो. मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघून त्याची किंमत सांगणारा, म्हणून पंचवीस-एक वर्षं काढली, त्यात असे तीन शर्ट संपले.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून करंगळीएवढी जाड लाल वायर निघून इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून आत गेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) नव्हतं. ड्रिलने पाडलेल्या भोकाची धार तशीच उघडी. गाडी चालताना थरथरते. आठ महिने ती वायर त्या धारेवर घासत राहिली, वरचं आवरण कापलं गेलं आणि एके दिवशी आतलं तांबं पत्र्याला टेकलं. गाडीचा पत्रा म्हणजे बॅटरीची दुसरी बाजूच. वाटेत अडवायला फ्यूज नव्हता.

मालक मला डिकीपाशी घेऊन गेला. "साहेब, फ्यूज आहे की. हे बघा." ती लाल वायर तिथल्या ॲम्प्लिफायरला, म्हणजे स्टिरिओचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जात होती. त्याच्या अंगावर फ्यूज होते, सगळे शाबूत. तो बिचारा खोटं बोलत नव्हता. पण ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला सांभाळतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटर वायर सांभाळायला फ्यूज बॅटरीजवळच लागतो, साधारण हातभर अंतराच्या आत. वायर वाटेत कुठेही पत्र्याला लागली की तो उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. तो नसेल तर बॅटरी जवळचं सगळं त्या वायरीत ओतते. मोटारीची साधी बॅटरीसुद्धा क्षणभर काही शे अँपिअर देऊ शकते, सेल्फ मारताना ती तेच करत असते. तेवढ्या प्रवाहात वायर तापून लाल होते. तिच्या बाजूला गालिचा असतो, फोम असतो, कंपनीच्या वायरिंगचा जुडगा असतो.

या मालकाने सगळं नियमाने केलं होतं. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत आयएमटी २४ नावाचं एक जोडकलम असतं. गाडीच्या कंपनीच्या किमतीत नसलेली विजेची किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू तुम्ही नंतर बसवलीत, तर ती जाहीर करायची आणि वर थोडा हप्ता भरायचा. २००२ च्या मोटार विम्याच्या दरपत्रकात तो वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के होता. त्याने स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, वूफर, सगळं जाहीर केलं होतं. बिल जोडलं होतं. फॉर्ममध्ये वस्तूचं नाव होतं, किंमत होती. बिलावर शेवटच्या ओळीत 'फिटिंग चार्जेस' म्हणून आठशे रुपये होते. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, फिटर आमचा नाही, कामापुरता येतो, हल्ली दिसला नाही.

काय बसवलं, कितीचं बसवलं, हे विमा कंपनी विचारते. कुणी बसवलं, हे विचारत नाही. दावा मंजूर झाला, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दुकानासमोर आणखी तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या.

गाडीत इलेक्ट्रॉनिक्स बसवणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र असावं का, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच अभ्यासक्रमाची चर्चा सुरू होते. किती महिन्यांचा, कुठल्या संस्थेचा, फी किती. माझं म्हणणं असं की चर्चेची ही सुरुवातच चुकलेली आहे. प्रमाणपत्र मागणारं कुणी असेल तरच त्याला किंमत येते. आणि या धंद्यात ते मागू शकेल असा एकच गडी आहे, तो म्हणजे विमा. त्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना कमी आहे.

आता मी ज्या खुर्चीवरून हे बोलतोय तिच्याबद्दल. जळालेली गाडी बघून किंमत सांगायला मला परवाना लागत होता. ५० हजारांच्या वरचं मोटार नुकसान परवानाधारक सर्व्हेअरनेच बघायचं, असा नियम आहे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, हाताखाली प्रशिक्षण घ्यावं लागतं, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे आग लागल्यानंतर येणाऱ्याला परवाना हवा आणि जिथून आग लागू शकते ती वायर ओढणाऱ्याला काहीच नको. ही गंमत मला नोकरीत असताना फारशी खुपली नाही, निवृत्तीनंतर जास्त खुपते.

घराकडे बघा. घरातल्या वायरिंगचं काम, बल्ब-फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असा कायदा आहे. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री असे दोन वेगळे ट्रेड आहेत. आता खेडोपाडी हा कायदा किती पाळला जातो हे आपण जाणतो. तरी त्याची एक जागा पक्की आहे: नवीन कनेक्शन घेताना महावितरणला ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तो नसेल तर मीटर बसत नाही. वायरमनच्या परवान्याला जी काही किंमत आहे ती या मीटरमुळे आहे.

सीएनजी किटचंही तसंच. किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारं केंद्र मान्यताप्राप्त हवं, आरटीओने आरसी बुकावर नोंद करायची, टाकीची दर ३ वर्षांनी चाचणी. यातही पळवाटा आहेत. पण पंपावरचा पोऱ्या टाकीची पट्टी बघायला मागतो आणि तारीख उलटलेली असेल तर गॅस भरत नाही. रात्री अकरा वाजता रांगेत तासभर उभं राहून आलेला माणूस कितीही चिडला तरी नाही. त्या एका नकारावर सगळी व्यवस्था टेकलेली आहे.

मोटारीतल्या इतर वायरिंगला असा नकार देणारा कुणीच नाही.

याचं एक कारण म्हणजे बारा व्होल्ट. घरातली लाइन माणसाला धक्का देते, म्हणून तिची भीती आहे. बारा व्होल्टला हात लावला तर काहीच होत नाही. पोऱ्या दातांनी वायर सोलतो, उस्ताद दोन टोकं हाताने पिळतो, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली की झालं काम. उन्हाळ्यात बंद गाडीत ती चिकटपट्टी मऊ होऊन सरकते. पण शॉक बसत नाही म्हणून आग लागत नाही असं थोडंच आहे? व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त लागतात, आणि वायर तापते ती अँपिअरने. हेडलाइटचं साधं उदाहरण घ्या. कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे एका बल्बला ५ अँपिअर. त्या जागी १००/९० चा बल्ब घातला की ८ च्या वर. दोन्ही बाजूंचे मिळून दहाचे सतरा झाले, आणि वायर, स्विच, होल्डर सगळं तेच. वेगळी जाड वायर आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) टाकून हेच काम नीट करता येतं. चांगले वायरमन तसंच करतात. वाईट वायरमन नुसता बल्ब बदलतो. काही दिवसांनी होल्डर पिवळा पडतो, मग तपकिरी, मग फ्यूज उडायला लागतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतो. अशा तारा मी किती गाड्यांतून काढल्या याची मोजदाद ठेवली नाही. एकदा सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघाली होती.

आणि वायर तरी तांब्याची असते का? बाजारात जाड, लवचीक, दिसायला देखणी वायर स्वस्तात मिळते. ब्लेडने तिचा एक तंतू खरवडून बघा. लाल रंगाखाली पांढरं निघालं, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तेवढ्याच जाडीत ती कमी प्रवाह पेलते. नाना पेठेतल्या एका दुकानात मी हा प्रयोग काउंटरवर करून दाखवला, तर मालक म्हणाला, "अहो साहेब, गिऱ्हाईक ब्लेड घेऊन येत नाही." खरंच आहे ते. म्हणून तर ब्लेड वापरायला जाणणारा फिटर हवा.

इथवरचं सगळं जुन्या गाड्यांनाही लागू होतं. टेपचा जमाना होता तेव्हाही डेक बसवताना वायरी पिळल्याच जात. तेव्हा चूक झाली तर बहुधा टेप बंद पडे, नाहीतर फ्यूज उडे. आता गाडीच बदलली आहे. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली कॅन नावाची पद्धत आज आपल्या साध्या हॅचबॅकमध्येही आहे. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरी; त्यांच्यावरून इंजिन, ब्रेक, मीटर, दारांची लॉकं एकमेकांशी बोलतात. त्या वायरींतून बल्ब पेटवण्याएवढा करंट जातच नाही, जातो तो निरोप. जुना वायरमन तिथे टेस्ट लॅम्पची सुई टोचतो, कारण सप्लाय कुठे आहे हे शोधायची त्याची तीस वर्षांची रीत तीच. दिवा पेटत नाही, म्हणून तो पुढच्या वायरीत टोचतो. इकडे मीटरवर एकेक इशारा लागत जातो.

त्यात एअरबॅग. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ अखेरपर्यंत शेजारच्या सीटचीही. म्हणजे स्टिअरिंगखाली हात घालणाऱ्या प्रत्येक फिटरचा हात आता एका छोट्या स्फोटकाच्या आसपास फिरतो. तिच्या वायरी आणि कपलर (वायरी जोडायचे प्लग) पिवळे असतात, ते लांबून ओळखता यावेत म्हणूनच. बॅटरीची वायर काढायची, काही मिनिटं थांबायचं आणि मगच तिथे हात घालायचा, हा नियम. टेस्ट लॅम्प त्या सर्किटला लावायचाच नाही. हे ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याला ते कळणार कसं? चूक होऊन शिकण्यासारखी ही गोष्ट नाही.

तर प्रमाणपत्र हवं. मग ते नाही का? आहे. आयटीआयमध्ये मोटारीच्या वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा ट्रेड आहे. २०११ पासून मोटार उद्योगाच्या पुढाकाराने ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून आहे, आणि तिच्यात आधीपासून काम येणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे: थोड्या तासांची उजळणी, परीक्षा, प्रमाणपत्र. कागदावर हे सगळं माझ्या म्हणण्यासारखंच आहे. पण ॲक्सेसरीच्या दुकानांसमोर फूटपाथवर बसणारे जे फिटर मला माहीत आहेत, त्यांच्यापैकी एकानेही ही परीक्षा दिलेली नाही.

त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. वय पंचावन्नच्या आसपास, शाळा सातवीपर्यंत, डाव्या हाताच्या तर्जनीवर सोल्डरिंगचा जुना डाग. मी त्यांना मामा म्हणतो. एका गाडीचा मीटर मधूनच मरत होता, दोन ठिकाणी फिरून ती मामांकडे आली. मामांनी आधी बॅटरी सोडली. खिशातून मल्टिमीटर काढला, त्या दोन पिळाच्या वायरींवर लावला आणि म्हणाले, "एकशेवीस दाखवतोय. साठ पाहिजे. एक टोक तुटलंय कुठंतरी." त्या वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, दोन्ही जागेवर असले की मिळून ६० दिसतात, एक निसटला की १२०. मामांना समांतर जोडणीचं सूत्र येत नाही. साठ म्हणजे बरी आणि एकशेवीस म्हणजे अर्धी मेलेली, हे येतं. दहा मिनिटांत पायाखालच्या गालिच्याच्या आत त्यांनी तुटका जोड काढून दाखवला. कुणीतरी रिव्हर्स कॅमेरा बसवताना तिथून सप्लाय मारला होता.

मामांना मी म्हटलं, परीक्षा द्या की. ते म्हणाले, "देतो. पण मिळाल्यावर काय होईल?"

मी बराच वेळ गप्प राहिलो. काय होईल? गिऱ्हाईक दर वाढवून देईल? नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्यांनी केलेलं काम मान्य करेल? नाही. विमा कंपनीला फरक पडेल? तिला ते कोण हेच माहीत नाही. दोन दिवसांची रोजी बुडवून मिळालेला कागद दुकानात लावायला मामांकडे भिंतही नाही. त्यांचं दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी आणि दुसऱ्याच्या शटरची सावली.

बाहेरच्या देशांत काय आहे हे सांगितल्याशिवाय असा लेख पुरा होत नाही, म्हणून थोडक्यात. अमेरिकेत याच कामासाठी एमईसीपी नावाचं प्रमाणपत्र आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने ते १९९० च्या दशकात उभं केलं. प्राथमिकपासून मास्टरपर्यंत पायऱ्या आहेत. चांगलं आहे, पण ऐच्छिक आहे, त्यामुळे ज्याला हौस तो घेतो. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात, ऑटो इलेक्ट्रिशियनला सरकारी परवानाच लागतो. मला या दोन्हींपेक्षा ब्रिटनचा अनुभव आपल्या जवळचा वाटतो. तिथल्या विमा कंपन्यांनी १९६९ मध्ये थॅचम नावाचं संशोधन केंद्र काढलं. १९९० च्या आसपास गाडीचोऱ्या बेसुमार वाढल्या, तेव्हा या केंद्राने अलार्म आणि इमोबिलायझरचे (चोराला इंजिन चालू करू न देणाऱ्या उपकरणाचे) दर्जे ठरवले, आणि विमा कंपन्या ग्राहकाकडे उपकरणाबरोबर ते नीट बसवल्याचा दाखलाही मागू लागल्या. दाखला देता येणारा फिटर शोधणं ही ग्राहकाचीच गरज झाली. फिटरला परीक्षेला बसा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

आणि हे काही आपल्या मातीत न रुजणारं रोप नाही. ज्या २००२ च्या दरपत्रकाचा मी वर उल्लेख केला, त्यातच एक विस्मरणात गेलेली तरतूद होती. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण गाडीला बसवलं, आणि ते बसवल्याचं एखाद्या मान्य ऑटोमोबाइल असोसिएशनने प्रमाणित केलं, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट. नीट वाचा: उपकरण मान्य असून पुरत नव्हतं, बसवणंही प्रमाणित हवं होतं. विचार आपल्याकडे होताच. माती कुठे झाली, तर सूट जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्यासाठी असोसिएशनच्या दारात कोण जाणार? माझ्या सगळ्या नोकरीत बसवण्याच्या दाखल्यासकट आलेल्या फायली बोटांवर मोजण्याएवढ्या.

आता मोटार कंपन्यांकडे वळू, कारण या धंद्याचा अर्धा गुंता त्यांनी केलेला आहे. 'बाहेर वायरिंगला हात लावला तर वॉरंटी गेली,' हे वाक्य प्रत्येक गाडीवाल्याने ऐकलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी काढून घेता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं देण्याची व्यवस्था कंपन्यांनी पैसे घेऊन का होईना करावी, असंही त्यात होतं. प्रकरण पुढे अपिलांत आणि कोर्टांत गेलं, दंडाचं काय व्हायचं ते होवो. प्रशिक्षणाचा मुद्दा मात्र कुणी पुन्हा उचलल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पिवळा कपलर कुठल्या मॉडेलमध्ये कुठे आहे आणि ॲक्सेसरीसाठी सप्लाय कुठून घ्यायचा, एवढी दोन पानं जरी मराठी-हिंदीत कंपन्यांनी बाजारात सोडली, तरी माझ्यासारख्यांचे शर्ट वाचतील.

गमतीचा भाग असा की शोरूममध्ये 'जेन्युइन ॲक्सेसरी' म्हणून जे बसवून देतात, ते बसवणारा माणूस कधीकधी बाहेरचाच असतो. मागच्या दाराने येतो, कंपनीचा टी-शर्ट घालतो, दिवाळी-पाडव्याच्या डिलिव्हऱ्या उरकल्या की पुन्हा फूटपाथवर. टी-शर्ट अंगावर असताना त्याने लावलेली वायर वॉरंटीत बसते.

या सगळ्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो घेणारे लोक मूर्ख नाहीत. ते म्हणतात, परवाना आला की इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला की लाचेचा हप्ता आला. मामांसारखा माणूस आधी मारला जाईल आणि ज्याच्याकडे एसी शोरूम आहे त्याला धंदा मिळेल. अगदी खरं. म्हणूनच मला फिटरवर सरकारी परवान्याची सक्ती नको आहे. फूटपाथवर मल्टिमीटर घेऊन बसायला कुणाची परवानगी लागू नये. टेल लाइटचा बल्ब, हॉर्न, चार्जरचं सॉकेट यांसाठी तर नकोच नको.

मला हवं ते एवढंच: विम्याच्या फॉर्ममध्ये, जिथे वस्तू आणि किंमत लिहिता, तिथे तिसरा रकाना. कुणी बसवलं, आणि त्याचा प्रमाणपत्र क्रमांक. क्रमांक नसेल तरी विमा मिळेल, पण त्या वस्तूचा हप्ता जास्त. क्रमांक असेल तर कमी, आणि फरक पाचशे रुपयांसारखा लाजिरवाणा नको. हा नियमही मोजक्या कामांना: थेट बॅटरीवरून घेतलेली लाइन, स्टिअरिंग-डॅशबोर्डमागचं काम, कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जुडग्यात) मारलेला जोड. अमुक गल्लीतल्या, अमुक क्रमांकाच्या फिटरच्या गाड्या वारंवार जळतात, हे विमा कंपनीला दोन वर्षांत आपोआप दिसेल. आज ते मला, वीस गावं फिरलेल्या सर्व्हेअरलाही, नक्की सांगता येत नाही. सांगता येतं ते फक्त दुकानाचं नाव, आणि दुकान म्हणतं फिटर आमचा नव्हे.

परीक्षा कशी असावी, यावरही माझं मत आहे आणि ते जरा हट्टी आहे. टॅबलेटवर चार पर्यायांतून एक निवडा, अशी नसावी. एक भंगारातली गाडी उभी करा. मामांना सांगा, बॅटरीपासून डिकीपर्यंत लाइन टाका. ग्रोमेट घातलं का, फ्यूज कुठे लावला, किती अँपिअरचा, जोड नुसता पिळला की क्रिम्प केला (धातूच्या टोपीत दाबून बसवला), पिवळ्या कपलरजवळ जाण्याआधी बॅटरी सोडली का, हे बघा. मग त्यांना मराठीत किंवा हिंदीत विचारा, की हा फ्यूज इथेच का. दोन तासांत माणूस कळतो. याची उलट बाजूही मी पाहिली आहे. चकचकीत प्रमाणपत्र घेऊन आलेला एक मुलगा ओहमचा नियम घडाघडा म्हणत होता आणि क्रिम्पिंग प्लायर उलटा धरत होता. त्याची चूक नाही. त्याच्या वर्गात तीस मुलांमागे एक प्लायर होता, आणि तो कपाटात असे.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. तिथे नारिंगी आवरणाच्या केबल असतात, त्यांत काही शे व्होल्ट असतात, आणि 'शॉक लागत नाही' हा फूटपाथवरचा सगळ्यात जुना भरवसा तिथे प्राण घेईल. आज त्या गाड्यांतही लोक स्टिरिओ बसवून घेतात. बसवणारे तेच आहेत, सोलायची पद्धतही तीच.

हा लेख लिहिण्याआधी मी मामांकडे गेलो होतो. म्हटलं, कायदा-नियम राहू द्या, तुम्ही तुमच्यापुरतं सुरू करा. प्रत्येक कामाची चिठ्ठी द्या. वायर कितीची, फ्यूज कितीचा, कुठे लावला, आणि खाली तुमचं नाव. मामांनी पेटीवर बसून हिशेब मांडला. "नाव घालायचं म्हणजे काम नावासारखं पाहिजे. खरी तांब्याची वायर, बॅटरीजवळ बंद डबीतला फ्यूज, ग्रोमेट, वर जाळीची नळी. सातशे-आठशे वाढले, साहेब." मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे हनुवटी केली. तिथे एक पोरगा नव्या कोऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा झोपला होता, दातांत वायर धरून. "गिऱ्हाईक तिकडं जाईल. त्याला काय कळतंय आत काय घातलंय ते. तुमच्या त्या विमावाल्यांना आधी विचारू दे, कुणी बसवलं म्हणून. मग मी उद्यापासून चिठ्ठी देतो."